सेनापती शेट्टीच्या दुकानात

७ सप्टेंबर, रविवार

श्रीविद्या म्हणाली, "माझ्यावर जे ओरडतोस ते कुठेतरी लिहून काढ." तिच्या बँकेतली एक डायरी कोरीच पडली होती. ती माझ्यापुढे टाकली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. म्हणून हे लिखाण. मी काही लेखक वगैरे नाही. मी निहार, मूळचा नागपूरचा, वय अडतीस. जूनपर्यंत बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. जूननंतर कोणी नाही.

कंपनीनं आमचा अख्खा गट एका सकाळी काढून टाकला. हे सासरी सांगितलेलं नाही, आणि पंचाईत अशी की आम्ही राहतो सासरीच. बसवनगुडीत श्रीविद्याच्या आईवडिलांचं घर आहे. ते खाली, आम्ही माडीवर. हे घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं. घरात मराठीच बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की पहिलं वर्षभर मी नुसता हसून वेळ मारून नेत होतो. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि सासूबाईंना अक्का. त्यांना आम्ही सांगितलंय की कंपनीनं आता कायमचं घरून काम दिलंय. अक्का "सरी" म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, आणि विषय तिथेच संपला. साध्या आहेत बिचाऱ्या.

आज कृष्णात आला. हा कोल्हापूरचा, महादेवपुऱ्यात राहतो. खेळण्यातले जुने रोबो जमवायचं त्याला वेड आहे. मी माझ्या स्वतःच्या रोबोंमध्ये दिवे बसवले होते, त्यांचे फोटो बघून त्यानं मला गाठलं. हेल्मेटच्या पिशवीतून, टॉवेलात गुंडाळून, त्यानं त्याचा सगळ्यात लाडका रोबो आणला. जपानी बनावटीचा, वीतभर उंच, निळसर करडा. डोळे पारदर्शक, छातीवर एक पारदर्शक पट्टी. आता हा कुठे बनत नाही आणि कुठे मिळतही नाही. कृष्णातनं त्याचं नाव सेनापती ठेवलंय.

त्याला हवंय ते असं: डोळे पिवळसर उजळावेत, छातीतला दिवा श्वास घेतल्यासारखा हळूहळू वाढावा आणि मंदावावा, बटण पाठीवरच्या खोक्यात लपलेलं असावं आणि बाहेरून एकही वायर दिसू नये. पाच ऑक्टोबरला रोबो जमवणाऱ्यांचा मेळावा आहे, तिथे तो सेनापतीला मांडणार.

"ह्याला काय झालं तर आपली ओळख नाही बघ," असं हसत म्हणाला. पण जिना उतरताना थांबून पुन्हा एकदा पिशवीकडे बघून गेला.

माझा आणि श्रीविद्याचा करार झालाय. माझा जुना साहेब नोएडाला नोकरी देतोय. मला जायचं नाही. ती इथे, मी तिकडे कुठेतरी खोली घेऊन, असला संसार मला नको. पण घरात बसून खेळण्यांत दिवे लावतो हाही काही धंदा नाही, असं तिचं म्हणणं. तर दसऱ्यापर्यंत हे एक काम नीट पार पडलं आणि गिऱ्हाईक खूश झालं तर हाच धंदा. नाही झालं तर नोएडा. साहेबाला उत्तर दसऱ्यानंतर द्यायचंय.

१० सप्टेंबर

डोकं उघडत नाही. सेनापतीचं, म्हणजे माझंही. छाती स्क्रूवर आहे, ती सुटली. डोक्याचे दोन भाग मात्र कारखान्यातच चिकटवलेत. पातळ पातं फटीत घालून जरा जरा सरकवत होतो. शेवटी उघडलं, पण हनुवटीखाली एक ओरखडा उठला. आता तिथे रंग जुळवणं आलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

मेट्रोनं चिकपेटला उतरून एस.पी. रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिळाएवढे दिवे हवेत, पिवळसर उजेडाचे, असं दुकानदाराला हिंदीत सांगितलं, इंग्लिशमध्ये सांगितलं, शेवटी श्रीविद्यानं फोनवर कानडीत सांगितलं. तो "आयतु, आयतु" म्हणाला, झालं म्हणून समजा. घरी येऊन लावून पाहिले तर दवाखान्यातल्या ट्यूबसारखे पांढरेफटक. परत गेलो. त्याच माणसानं तेच पाकीट पुन्हा काढलं. दुसऱ्या दुकानातून घेतले. अख्खा शनिवार केसाएवढ्या वायरी आणि मोहरीएवढ्या दिव्यांपायी गेला.

माणसांनी भरलेल्या त्या गल्लीतून येताना वाटलं, नोएडाला निदान एसीत बसून मनस्ताप होईल.

१५ सप्टेंबर

लिहायलाही हात उचलत नाही, पण लिहितो.

उजव्या डोळ्यामागे दिवा बसवला आणि सुपरग्लूचा एक थेंब लावून डोकं मिटवून ठेवलं. जेवून आलो, उघडून बघतो तर डोळ्याच्या आतल्या बाजूला पांढरी धूसर साय धरलेली. हा गोंद वाळताना त्याची वाफ निघते आणि ती पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते. हे मला माहीत आहे. मीच एका पोराला इंटरनेटवर हे शहाणपण शिकवलंय. आणि घाईत स्वतःच डोकं मिटवून बसलो.

टूथपेस्ट लावून घासलं. पाणी, साबण, मऊ कापड. साय तशीच, आणि आता त्यावर बारीक रेघा. असा डोळा दुसरा मिळणार नाही. कृष्णातला फोन करायला हवा. केला नाही.

श्रीविद्यानं विचारलं काय झालं. मी म्हणालो काही नाही. तिनं डायरीकडे बोट दाखवलं.

१६ सप्टेंबर

अक्का कॉफी घेऊन वर आल्या. हल्ली अकरा वाजता रोज येतात, गुडघे दुखतात तरी. मी ऑफिसला जायचो तेव्हा डब्यात चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात द्यायच्या, आता कॉफी. माझ्यापुढे सेनापतीचं मुंडकं होतं आणि दोन्ही डोळे पेटलेले. लपवायला वेळच मिळाला नाही.

"हे काय हो?"

"असंच. ऑफिसच्या कामातून जरा विरंगुळा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. "ह्या एका डोळ्यात मोतीबिंदू झालाय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सासूबाईंपुढे काय बोलणार. त्या मात्र शांतपणे बघत राहिल्या. एप्रिलमध्ये त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दसऱ्यानंतर आहे.

"पण मोतीबिंदूचाच बरा दिसतोय बघा," त्या म्हणाल्या. "चांगल्या डोळ्यात नुसता ठिपका टोचतोय. ह्यात कसा सगळा डोळा भरून उजेड आलाय. पण दोन्ही सारखे पाहिजेत, निहारराव. एक असा, एक तसा असला की फार डोकं दुखतं. मला विचारा."

त्या गेल्यावर मी खिडकी लावून पुन्हा बघितलं. खरंच होतं. स्वच्छ डोळ्यात दिव्याचा ठिपका दिसत होता, धूसर डोळा सगळा सारखा उजळत होता. पण म्हणजे आता चांगला असलेला डोळा मी हातानं खराब करायचा. परवानगी न घेता, दुसऱ्याच्या सेनापतीचा.

दुपारभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग बारीक पॉलिश पेपर घेतला आणि डावा डोळा आतून घासला. दोन्ही पेटवले. सारखे झाले. चांगले दिसतात. पण हे मला दिसतात, कृष्णातला काय दिसेल ते देव जाणे.

१८ सप्टेंबर

आज थोडक्यात वाचलो. खाली संशय येऊ नये म्हणून मी रोज दुपारी माडीवर जोरजोरात मीटिंग करतो. कोणाशी नाही, नुसताच बोलतो. "येस, येस, राइट, लेट्स टेक इट ऑफलाइन," असं. आज छातीचा दिवा लुकलुकत होता म्हणून आवाज जरा जास्तच चढला होता. तेवढ्यात अक्का दारात. हातात माझा फोन.

"हा खाली चार्जिंगला होता, वाजत होता. म्हटलं तुम्ही कामात आहात, आणून द्यावा."

मी फोन घेतला. त्या "सरी" म्हणून हळूहळू उतरल्या. लॅपटॉपवरून बोलत होतो असं त्यांना वाटलं असणार. टेबलावर लॅपटॉप नव्हता, पण अक्का तेवढं कुठे बघतात. सुटलो.

फोन कृष्णातचा होता. "कसं चाललंय?" "मस्त," मी म्हणालो. डोळ्यांचं सांगितलं नाही. समोरासमोर सांगेन.

२१ सप्टेंबर, रविवार, अमावस्या

सकाळपासून मजुरी. उद्या नवरात्र बसतं आणि या घरात नवरात्र म्हणजे बाहुल्या, कानडीत गोंबे. माळ्यावरून ट्रंका उतरवा, लोखंडी पायऱ्या जोडा, त्यांवर पांढरी चादर पसरा. सगळ्यात वर कलश आणि पट्टद गोंबे, म्हणजे अक्कांना लग्नात माहेरून मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी. खाली देव, मग राजाची मिरवणूक, हत्ती, सैनिक, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर शेट्टी, म्हणजे वाणी, आणि त्याची बायको दुकान मांडून बसलेले, पुढ्यात खऱ्या तांदळाच्या, डाळीच्या राशी आणि गुळाची ढेप. आमच्या नागपूरला नवरात्रात घट बसवला की झालं. इथे अख्खं गाव बसवतात. मी दरवर्षी हे करतो आणि दरवर्षी पाठ धरते.

सेनापतीचं काम बरंच आलंय. खांद्यातून उजेड झिरपत होता, तो आतून काळा रंग देऊन थांबवला. हनुवटीचा ओरखडा बुजवून रंग जुळवला. राहिलंय ते दोन ठिकाणी: छातीचा दिवा मध्येच लुकलुकतो, आणि मानेतली वायर फार ताणलेली आहे. माडीवर दमट हवेत रंग वाळेना म्हणून त्याला खाली हॉलमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर, पंख्याच्या वाऱ्याला ठेवलंय. उद्या सकाळी वर नेईन.

२२ सप्टेंबर

अंघोळ करून खाली आलो. उदबत्त्यांचा धूर, आरती झालेली, आणि सेनापती शेट्टीच्या शेजारी उभा. कपाळाला कुंकू.

मला वाटलं मजेनं ठेवलाय. उचलायला हात पुढे केला तर अक्कांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

"आता नाही उचलायचं. पायरीवर बसवलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवायची नसते."

"अक्का, हा माझा नाही. लोकांचा आहे."

"मग काय झालं? पाहुणा पायरीवर बसत नाही काय?"

"पण तुम्ही ठेवलात का?"

"दरवर्षी एक नवीन बाहुली लागते की. मी यंदा घेतलीच नाही. काल अमावस्येच्या संध्याकाळी तुम्हीच ह्याला आणून हॉलात ठेवलात. ह्या घरात त्या दिवशी हॉलात जे येतं ते पायरीवर जातं. मला वाटलं तुम्ही स्वतःहून दिलात." आणि मग, "बरं वाटलं मला."

श्रीविद्यावर ओरडलो. ती म्हणाली, "हॉलमध्ये ठेवायला कोणी सांगितलं होतं? आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा अमावस्येला आपली खेळणी हॉलमधून उचलून ठेवतं." मी म्हणालो, मला हे कोणी सांगितलं होतं का? ती म्हणाली, "लग्नाला नऊ वर्षं झाली, निहार."

काम अर्धवट. वस्तू लोकांची. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, आणि दसरा हीच माझी मुदत. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

बरं, ठेवायचाच होता तर नीट ठेवायचा. नाव सेनापती, आणि बसवला वाण्याच्या दुकानात. मी अक्कांना म्हणालो, निदान वर त्या सैनिकांत तरी ठेवायचा.

"सैनिक पगारी असतात," अक्का म्हणाल्या. "ह्याला दुकानाजवळच असू दे."

त्यांच्या बोलण्याला कधी कधी काही अर्थच नसतो.

२४ सप्टेंबर

तह झाला. सेनापती जागेवरून हलणार नाही, पण जागेवर काम करता येईल. "देवाला पण जागेवरच सजवतात," अक्कांचा निवाडा. मानेतली वायर सैल करायला डोकं काढावं लागेल, चालेल का, असं विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "मुंडकं नसलेली बाहुली पायरीवर बरी नाही. पण पटकन लावणार असाल तर काढा."

म्हणजे आता मी, माजी सिनिअर इंजिनिअर, चादरीपुढे पोटावर पडून शेट्टीच्या तांदळाच्या राशीवरून हात घालून सोल्डरिंग करायचं. तेही संध्याकाळी बायका बाहुल्या बघायला यायच्या आत.

छातीचा दोष सापडला. पाठीच्या खोक्यात सेल सैल बसत होता. पितळेची पट्टी वाकवून बसवली.

२७ सप्टेंबर

रोज संध्याकाळी शेजारच्या बायका येतात, गाणं म्हणतात, उसळ घेतात आणि सेनापतीपुढे थांबतात. अक्का प्रत्येकीला बटण दाबून दाखवतात. चालू, बंद, चालू, बंद. हे बटण दिवसातून एकदा दाबण्यासाठी आहे, प्रदर्शनासाठी नाही, असं मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा "सरी" म्हणाल्या, आणि पुढची आली की पुन्हा चालू, बंद.

आज जिन्यात उभा असताना ऐकलं, कोपऱ्यावरच्या पद्मावतीबाईंना सांगत होत्या, "आमच्या जावयांचं काम हे. ते दिव्याचं काम करतात."

अक्कांना आयटी म्हणजे काय हे आजवर कळलेलं नाही. हसून सोडून दिलं.

२८ सप्टेंबर

हसणं महागात पडलं. बटण मेलं. एवढ्या वेळा दाबल्यावर दुसरं काय होणार. एवढ्यावरही थांबलं नाही. पद्मावतीबाईंनी "हा मागे बघतो काय?" म्हणत सेनापतीची मान फिरवली आणि आतली वायर तुटली. दोन्ही डोळे गेले.

मी अक्कांवर चिडलो. पहिल्यांदाच. "तुमच्यामुळे माझं सगळं..." एवढंच म्हणालो आणि थांबलो, कारण पुढे 'नोकरी' हा शब्द येणार होता. अक्का उसळीची पातेली उचलून आत गेल्या.

नंतर बसून विचार केला. मेळाव्यात कृष्णात तरी दुसरं काय करणार? दहा जणांना बटण दाबून दाखवणार, दहा जण मान फिरवणार. तिथे तुटलं असतं तर माझ्या नावानं कायमची बोंब झाली असती. हे खरं आहे, पण म्हणून राग गेलेला नाही. नवीन, दणकट बटण आणायला उद्या पुन्हा चिकपेट.

३० सप्टेंबर

सकाळी अक्का दारात. "उद्या आयुधपूजा. तुमचं ते तापवायचं हत्यार द्या."

इथे नवमीला हत्यारांची पूजा होते. अण्णांची स्कूटर, विळी, शिवणयंत्र, सगळ्यांना कुंकू. पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत वापरायचं नाही. दरवर्षी अक्का माझा ऑफिसचा लॅपटॉप मागून नेत आणि त्याच्या झाकणावर असं काही कुंकू लावत की दुसऱ्या दिवशी मीटिंगआधी पुसता पुसता पुरेवाट व्हायची. यंदा लॅपटॉपचं नावही काढलं नाही. वय झालं, विसरतात. मी हुश्श केलं, कारण लॅपटॉप कंपनीला कधीच परत गेलाय आणि काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं.

पण सोल्डरिंग आयर्न संध्याकाळी द्यायचं म्हणजे मानेचं काम आजच व्हायला हवं. दुपारभर चादरीपुढे पडलो होतो. चिकपेटहून आणलेलं नवीन बटण बसवलं. या वेळी वायर सुईभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं आणि मानेत सैल सोडलं, म्हणजे मान कितीही फिरली तरी ताण येणार नाही. आयर्न बाजूला ठेवताना चादरीला टेकलं आणि भोक पडलं. पांढऱ्या चादरीवर काळ्या कडेचं भोक. अक्का मागेच उभ्या होत्या. त्यांनी शेट्टीची गुळाची ढेप त्या भोकावर सरकवली.

डोळ्यांतले दिवे लागले. छाती लागली. मान फिरवली, तरी लागले. आयर्न थंड झाल्यावर अक्कांच्या हातात दिलं. परवाच्या बोलण्याची माफी मागायची होती. तोंडातून "गरम असेल, जपून" एवढंच आलं.

१ ऑक्टोबर, नवमी

देवघरात माझं आयर्न, स्कूटरच्या किल्लीच्या शेजारी, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन. त्याच्यापुढे निरांजन.

संध्याकाळी अक्कांनी बटण दाबलं आणि उजवा डोळा लागलाच नाही. कालच्या घाईत सोल्डरचा डाग कच्चा राहिला असणार. दोन मिनिटांचं काम आहे. आयर्न दहा पावलांवर आहे. आणि त्याला हात लावायचा नाही. वर श्रीविद्यानं सांगितलं की अक्कांच्या सांगण्यावरून तिनं कृष्णातला उद्या संध्याकाळीच बोलावलंय, ज्याची बाहुली त्यानं विजयादशमीला सन्मानानं न्यावी म्हणून. मी हात टेकले.

नोएडाला थंडी किती असते ते बघितलं.

२ ऑक्टोबर, विजयादशमी

अक्कांनी सकाळी लवकर पूजा आटोपून आयर्न आणून दिलं. मुठीला हळद, टोकाला कुंकू. "घ्या," म्हणाल्या. "हे विमानात नेऊ देत नाहीत म्हणतात. इथेच राहू दे." मी म्हणालो कुठल्या विमानात? त्या म्हणाल्या, "आपलं असंच." डाग दिला. कुंकवाचा जळका वास आला आणि उजवा डोळा लागला.

कृष्णात आला. बूट काढून हात जोडून पायऱ्यांपुढे बसला. सेनापतीला गुळाशेजारी बघून आधी हसला. मग मी बटण दाबलं. छातीचा दिवा चढला, उतरला. डोळे उजळले. कृष्णात पुढे सरकला आणि त्याचं हसू गेलं.

"डोळे असे नव्हते."

मी सगळं सांगितलं. गोंद, वाफ, आणि दुसरा डोळा मी मुद्दाम घासला, तेही. अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"त्याच दिवशी फोन करायचा होतास," कृष्णात म्हणाला. "मी विचारलं तर मस्त म्हणालास."

"हो."

"वस्तू बिघडली त्याचं नाही एवढं. मला अंधारात ठेवलंस त्याचं वाईट वाटतं."

खरंच फार लाज वाटली.

अक्कांनी आरती केली, पट्टद गोंबेतल्या राणीला आडवं निजवलं, म्हणजे उत्सव संपला. मग सेनापतीचं कुंकू ओल्या कापडानं पुसून त्याला स्वतः कृष्णातच्या हातात दिलं, वर नारळ दिला. "रोज पंधरा जणींनी बघितलाय," त्या म्हणाल्या. "बटण पण नवीन, मान पण नवीन. आता कोणी काही करा, तुटत नाही. मी बघून घेतलंय."

कृष्णात अक्कांच्या पाया पडला. माझ्याशी फार न बोलता गेला. करारात 'गिऱ्हाईक खूश' असं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर फोनकडे बघत बसलो. मेळावा सकाळी सुरू झाला होता. नोएडाच्या साहेबाला लिहायची मेल अर्धी लिहून ठेवली.

चहाच्या वेळी कृष्णातचा फोटो आला. काळ्या कापडावर सेनापती, डोळे भरून उजळलेले, भोवती गर्दी. खाली लिहिलं होतं: "सकाळपासून चालू आहे. शंभर वेळा मान फिरवली लोकांनी. सगळे डोळ्यांचंच विचारतात. रंजिता म्हणून आहे, तिला तिच्या रोबोचे डोळे असेच हवेत. नंबर दिलाय. काही बिघडलं तर तिला त्याच दिवशी सांग." थोड्या वेळानं आणखी एक ओळ: "अक्कांना नमस्कार."

श्रीविद्यानं फोन माझ्या हातातून घेऊन वाचला, पुन्हा वाचला. "मेल खोडून टाक," म्हणाली. मग म्हणाली, "आता आईला सांग. तू सांगायचंस, मी नाही."

६ ऑक्टोबर

रात्रभर याचाच घोर होता. अक्कांना कसं सांगावं? जूनपासून जावई बेकार आहे आणि घरात खोटं बोलतोय, हे ऐकून त्यांना धक्का बसेल. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलंय, रक्तदाब वाढायला नको. आधी त्यांना बसवावं, पाणी द्यावं, मग सांगावं असं ठरवलं.

खाली गेलो तर त्या बाहुल्या आवरत होत्या. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. मी म्हणालो, अक्का, जरा बसता का. त्या बसलेल्याच होत्या. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी एकदा तांब्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग मी एका दमात सांगून टाकलं. नोकरी जूनमध्येच गेली. आता हेच करणार, दिव्यांचं. नोएडाला नाही जाणार. खोटं बोललो, चुकलं.

"सरी," अक्का म्हणाल्या.

मी तसाच उभा. अजून काहीतरी येईल म्हणून वाट बघत होतो. त्यांनी शेट्टीला अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं, नीट गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"मग आता दुपारी माडीवर ते मोठ्यानं इंग्लिश बोलायचं बंद करा. अण्णांची झोप मोडते."

शेट्टीला ट्रंकेत ठेवला, ट्रंक माळ्यावर चढवली. वर, धुळीत, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा असताना माझ्या लक्षात आलं की यंदा त्या लॅपटॉप विसरल्या नव्हत्या.